सातच्या आकड्यावरची तिरपी रेघ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, जवळच्या मित्राला नाही. आणि ज्या दोघींना सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच. मी मुळात कमी बोलणारा. शाळेत मुलं माझ्यामागे मला 'शांत सर' म्हणतात, आणि मला ते नाव आवडायचं. पण शांत असणं आणि गप्प बसणं यात फरक आहे. तो मला फार उशिरा कळला. की — कळला होता वेळेवरच, मान्य करायला उशीर केला?

गोष्ट तशी एवढीशी. संगणकावर एकदा बोट दाबलं, संपलं. ऐकून तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी माणूस इतकी वर्षं मनात घेऊन बसतो? मीही स्वतःला असंच समजावत आलोय. पण तुम्ही माझ्या ओळखीचे असल्यासारखे समोर बसला आहात, तर आता सरळच सांगतो. सरळ म्हणजे — प्रयत्न करतो. सवय नाही.

मी घाटकोपरच्या एका मराठी शाळेत प्राथमिकच्या वर्गांना शिकवतो. काही वर्षांपूर्वी शाळेला कुणा देणगीदाराकडून जुने संगणक मिळाले, आणि मला एका प्रशिक्षणाला पाठवलं गेलं. तिथे शिकवलं की प्रेझेंटेशनचं जे साधं सॉफ्टवेअर असतं, त्यातच लहान मुलांना व्हिडिओ करता येतो. प्रत्येक स्लाइडवर फोटो टाकायचा, त्याच स्लाइडवर मुलाचा आवाज रेकॉर्ड करायचा, आणि शेवटी 'व्हिडिओ तयार करा' म्हटलं की सगळ्या स्लाइड एकामागोमाग बोलत पुढे सरकतात. कॅमेरा नको, काही नको. मला ते इतकं आवडलं! खरं सांगतो, नोकरीत पहिल्यांदाच असं झालं की या शाळेत एखादी गोष्ट फक्त मला येते. साठे मॅडम — आमच्या पर्यवेक्षिका, सगळ्यात जुन्या — त्यासुद्धा मला विचारून माउस धरायच्या.

मी चौथीच्या वर्गाला विषय दिला : 'आमच्या गल्लीतलं माणूस'. विषय माझाच, माझ्याच डोक्यातून आलेला. हे नंतर आठवलं की मला हसू येत नाही. प्रत्येक मुलानं आपल्या गल्लीतलं एक माणूस निवडायचं, आईबाबांच्या मोबाइलवर त्याचे फोटो काढायचे, त्याला चार प्रश्न विचारायचे आणि उत्तरं मोबाइलवरच रेकॉर्ड करून आणायची. एका मुलाला एक स्लाइड.

काय धमाल केली पोरांनी. त्यांना अक्षरं नुसती दिसलेली चालत नव्हती, ती गरगर फिरत यायला हवीत, उसळ्या मारायला हवीत. एकानं इस्त्रीवाल्या काकांच्या फोटोमागे आगीचं चित्र लावलं. एकानं न्हाव्याची स्लाइड उघडली की टाळ्या वाजतील अशी सोय केली. मग न्हावी बोलू लागला तरी टाळ्या थांबेनात, आणि वर्ग हसून लोळला.

या सगळ्यात एक मुलगी होती, प्रज्ञा. डोंगरावरच्या वस्तीत राहायची. घरचे मूळचे लातूरकडचे, वडील कुरिअरच्या गाडीवर, आई एका इस्पितळात आया. प्रज्ञाच्या घरी संगणक नव्हता, पण तिला जे एकदा दाखवाल ते दुसऱ्यांदा दाखवावं लागत नसे. फोटो कापायचा कसा, आवाज कमी कसा करायचा, सगळं तिला येऊ लागलं. दुसऱ्या मुलांचं अडलं की ती माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "सर, मी करू?" मी मान हलवायचो. ती जाऊन करून यायची. ते 'सर, मी करू?' अजून कानात आहे. कारण एका दिवसानंतर ते मी परत ऐकलं नाही.

पण त्या दिवसाकडे जाण्याआधी मला आईबद्दल बोलावं लागेल. मघापासून टाळत होतो, ते हेच.

आम्ही मालवणकडचे. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली, परळची खोली गेली, आणि आम्ही घाटकोपरच्या डोंगरावर आलो. वडील त्यानंतर फार जगले नाहीत. आई खाली बिल्डिंगींमध्ये भांडी घासायला जाऊ लागली. मी डी.एड. झालो तो त्या भांड्यांवर. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडून 'मला'ऐवजी 'माका' निघून गेलं आणि पूर्ण वर्ग हसला. त्या दिवसापासून मी माझी भाषा घासूनपुसून स्वच्छ केली. इतकी, की पुढे परीक्षक म्हणाले, तुम्ही पुण्याचे का?

शाळेत लागलो त्याच्या पहिल्याच महिन्यात आई गेटपाशी आली. मी डबा विसरलो होतो. ती कामावरून तशीच आलेली, साडी वर खोचलेली, हात ओले. मी दोन नव्या सहकाऱ्यांबरोबर उभा होतो. वॉचमननं विचारलं, "सर, कोण आहेत या?" मी म्हटलं, "ओळखीतल्या आहेत."

आई चार पावलांवर होती. तिनं डबा माझ्या हातात दिला नाही. वॉचमनकडे दिला, आणि वळून गेली. डब्यात तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं होतं. मी ते खाल्लं. चवीनं खाल्लं.

पुढच्या वर्षी साठे मॅडम स्टाफरूममध्ये सांगू लागल्या की त्यांच्याकडे नवीन बाई लागली आहे, मालवणी, काय गोड बोलते. आणि त्यांनी नक्कल करून दाखवली — "वैनी, पाणी गेला हो, भांडी तशीच रवली." नक्कल चांगली जमली होती. मी हसत होतो. मग त्यांनी बाईचं नाव घेतलं, कुठून येते ते सांगितलं, आणि ती माझी आई होती. मॅडमच्या मनात काही वाईट नव्हतं, हेही सांगायला हवं. त्यांना तिचं कौतुकच होतं. सगळे हसत होते. आणि मी — मी हसायचं थांबलो का? नाही. थांबलो असतो तर कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. तेवढ्यात कुणीतरी सहज विचारलं, "सर, तुम्ही पण तिकडचेच ना? आई कुठे असते तुमची?"

"गावाला असते," मी म्हटलं.

हे एकदा बोललं की ते सांभाळावं लागतं. मे महिना संपून शाळा उघडली की सगळे विचारायचे, गावाला जाऊन आलात ना, आई कशी आहे? मी दादरच्या दुकानातून कोकम आणि काजू घ्यायचो, पुड्यांवरची दुकानाची चिठ्ठी नखानं खरवडून काढायचो, आणि साध्या पिशवीत भरून स्टाफरूममध्ये ठेवायचो. 'आईनं पाठवलंय.' साठे मॅडम म्हणायच्या, गावच्या कोकमाची सर बाजारच्याला नाही.

आणि आई? तिला सगळं कळलं होतं, गेटपाशी त्या दिवशीच. तिनं मॅडमना कधी सांगितलं नाही की माझा मुलगा तुमच्याच शाळेत आहे. मी तिला का, म्हणून विचारलं नाही. सोयीचं होतं. पुढे माझं लग्न झालं, नाहूरला लहानसा फ्लॅट घेतला, तेव्हा ती म्हणाली की तुमची जागा बारकी, मला माझी खोली बरी. मी आग्रह केला का? एकदा केला. एकदाच. रविवारी ती आमच्याकडे यायची. मी वर डोंगरावर जायचं बंद केलं होतं, कारण तिथली मुलं आता माझ्या वर्गात येऊ लागली होती. फक्त तिची जुनी खोली रस्तारुंदीत गेली आणि तिनं दुसऱ्या गल्लीत भाड्यानं खोली घेतली, तेव्हा सामान हलवायला गेलो. सुट्टी होती, मुलं गावी गेलेली. नव्या भिंतीवर तिनं माझा फोटो लावून घेतला, डी.एड.चं प्रमाणपत्र घेतानाचा. खिळा मीच ठोकला.

त्या नव्या गल्लीत शेजारी प्रज्ञाचं घर आहे, हे मला माहीत नव्हतं.

व्हिडिओ पालकांना दाखवायचा होता त्याच्या आदल्या दुपारी शाळा सुटल्यावर मी संगणकांच्या खोलीत एकटा बसलो होतो. सगळ्यांच्या स्लाइड एका फाइलमध्ये आणल्या आणि एकेक तपासू लागलो. मुलांनी आपापल्या मशीनवर काम केलेलं. सगळ्यांचं सगळं मी आधी पाहिलं नव्हतं. इस्त्रीवाले काका, न्हावी, एक पोळीभाजी केंद्रवाल्या मावशी… आणि सातवी स्लाइड उघडली.

आई.

जमिनीवर बसून नारळ खवत होती. मान जरा तिरकी, फोटो काढणाऱ्याकडे बघून हसणारी. मी तिला असं हसताना कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. वर फिरत फिरत अक्षरं आली : 'आमची शेजारची आजी'. आणि प्रज्ञाचा आवाज सुरू झाला. मी शाळेतून घरी येते तेव्हा माझी आई कामावर असते, मग मी या आजीकडे बसते, आजी मला खोबरं देते. मग आईचा आवाज — "बोल गो चेडवा, काय इचारतंस?" मग पुन्हा प्रज्ञा : "आजी, तुम्हाला कोण कोण आहे?"

त्याच वेळी दारातून साठे मॅडम आत आल्या. झालं का सर, मला पण बघू दे की, असं काहीसं म्हणत.

मी आवाज बंद केला. माझ्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या. आई आता माझं नाव सांगणार. आणि मागच्या भिंतीवर माझा फोटो आहे. मी फोटोकडे बघितलं नाही — बघायची गरज काय, खिळा मीच ठोकला होता ना? डावीकडच्या पट्टीत सातव्या स्लाइडवर माउस नेला, उजवं बटण दाबलं, आणि यादीतून निवडलं : 'स्लाइड लपवा'.

तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. लपवलेली स्लाइड पुसली जात नाही. ती तिथेच असते. फक्त पट्टीतलं तिचं चित्र फिकट होतं, आणि तिच्या आकड्यावर एक बारीक तिरपी रेघ येते. व्हिडिओ केला की सहानंतर थेट आठ येतं. बघणाऱ्याला कळतही नाही की मध्ये कुणी होतं.

मॅडमनी दोनचार स्लाइड बघितल्या, न्हाव्याच्या टाळ्यांना हसल्या, छान झालंय म्हणाल्या आणि गेल्या.

आता हे नीट ऐका, कारण मी इतकी वर्षं इथेच स्वतःला सोडवत आलो. म्हणत आलो, घाबरलो होतो, मॅडम आल्या, हात गेला. पण मॅडम तर गेल्या होत्या. मी परत एकटा होतो. पुन्हा उजवं बटण दाबलं असतं तर रेघ निघून गेली असती. पुढे नुसतं ऐकलं तरी असतं, आई काय उत्तर देते ते! ऐकायला किती वेळ लागतो? मी ऐकलं नाही. शिपाई कुलूप लावायला येईपर्यंत त्या रेघेकडे बघत बसलो, आणि मग 'व्हिडिओ तयार करा' दाबलं. पहिल्यांदा दाबलं ती भीती होती. हे दुसऱ्यांदा दाबलेलं भीती नव्हती. ते मी विचार करून केलं.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. मुलांना मीच सांगितलं होतं की तुमच्या माणसालाही घेऊन या. न्हावी आला होता, इस्त्रीवाले काका दुकान बंद करून आले होते. आई येणार नाही याची मला खात्री होती. ती कधीच येत नसे; गेटच्या त्या दिवसापासून तिनं शाळेच्या रस्त्यानं जाणंही सोडलं होतं. पण प्रज्ञानं तिला सोडलं नसणार. शेवटच्या रांगेत प्रज्ञाच्या आईशेजारी ती बसली होती. दिवाळीत घेतलेली साडी, केसात अबोलीचा वळेसर. पडद्यावर दिसायचं म्हणून नटून आलेली.

सहा संपलं. आठ सुरू झालं.

प्रज्ञा पुढे बसली होती. तिनं मान वळवून मागे पाहिलं. मग परत पडद्याकडे. तिला वाटलं असेल क्रम बदललाय, पुढे येईल. शेवटची स्लाइड संपेपर्यंत ती वाट बघत होती. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि मला तिचं ते मागेपुढे बघणं दिसत होतं.

दिवे लागले. ती धावत आली. "सर, माझी?"

साठे मॅडम शेजारीच होत्या. त्यांनीही विचारलं, काय झालं, हिची राहिली का? मशीन बिघडलं असं म्हणायचा विचार आला, पण मग मॅडम म्हणाल्या असत्या, दुसऱ्या मशीनवर बघा, पुन्हा जोडा, सोमवारी वर्गात दाखवा. बिघडलेलं दुरुस्त करावं लागतं. पुसलेलं मात्र संपलेलं असतं. हे सगळं त्या एका क्षणात माझ्या डोक्यात नीट, पायरीपायरीनं आलं. वर्गात गणित समजावतो तसं.

मी म्हटलं, "तू शेवटी काहीतरी दाबलंस बहुतेक. पुसली गेली गं."

बहुतेक. या एका शब्दामागे मी किती वर्षं उभा राहिलो. मी काही तिच्यावर आळ घेतला नाही, 'बहुतेक' म्हटलं होतं! मोठ्या माणसाच्या तोंडचा 'बहुतेक' लहान मुलाला ऐकू येतो का? शिक्षकाच्या तोंडचा?

ती रडली नाही. तिनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग शेवटच्या रांगेकडे गेली आणि म्हणाली, "आजी, माझ्याकडून पुसलं गेलं."

आईनं तिला जवळ घेतलं. "जावंदे गो. माझा थोबाड बघून लोक पळान गेले असते." प्रज्ञाची आई हसली. प्रज्ञा हसली नाही.

दारात मी आणि साठे मॅडम सगळ्यांना निरोप देत उभे होतो. आई आली तशा मॅडम चकित झाल्या. अगं, तू इथे कुठे? तिनं तोवर त्यांच्याकडचं काम सोडलं होतं, गुडघ्यांमुळे. शेजारच्या मुलीचा कार्यक्रम होता, वैनी, असं ती म्हणाली. आणि मग माझ्याकडे वळली. पदर सारखा केला.

"मास्तरांनू, कार्यक्रम बरो झालो हां. तुमी पोरांका बरा शिकवतास."

मास्तरांनू. तुमी. मला जन्म देणारी बाई मला 'तुमी' म्हणाली. आवाजात कुठे टोमणा नव्हता — असता तर मला सोपं गेलं असतं. ती फक्त माझं खोटं माझ्यासाठी धरून उभी होती, जड पिशवी धरावी तशी.

मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "आभारी आहे."

रविवारी ती नेहमीसारखी घरी आली. कुळथाचं पीठ घेऊन. नातवंडांशी खेळली. कार्यक्रमाचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही.

प्रज्ञाचं सांगतो. पुढच्या तासाला संगणकांच्या खोलीत ती आपल्या जागी बसली नाही, मैत्रिणीच्या मागे उभी राहिली. म्हणाली, सर, मी बघते, ती करेल. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. मला वाटलं, होईल ठीक, लहान आहे, विसरेल. वर्षभर ते हात तसेच राहिले. तिच्या मैत्रिणी चिडवू लागल्या, प्रज्ञाला हात लावू देऊ नका रे, वाट लावेल. मी एकदा रागावलो त्यांच्यावर. त्या गप्प झाल्या. पण खरं काय ते सांगायचं — ते नाही केलं. फाइल तिथेच होती, त्याच खोलीत, त्याच मशीनवर. रेघ काढायला एक क्षण पुरला असता. पण मग तिनं विचारलं असतं, सर, पुसली होती ना? मग लपवली कुणी?

काही वर्षांनी ती मला घाटकोपरच्या मेट्रोच्या जिन्याखाली भेटली. उंच झालेली, पाठीला सॅक. पाया पडली. मी विचारलं, काय करतेस? आर्ट्स घेतलंय म्हणाली, अकरावी. मी म्हटलं, मला वाटलं होतं तू संगणकाचं काहीतरी करशील. ती मोकळी हसली.

"मी कुठे सर! माझा हात लागला की बिघडतंच. चौथीत नाही का, आजीची स्लाइड उडवली मी. आठवतंय ना तुम्हाला?"

आठवतंय, मी म्हटलं. आणि चल, उशीर होईल तुला, असं म्हणून मी जिना चढलो.

तिथे तरी सांगायचं होतं ना? कोण होतं ऐकायला — मॅडम निवृत्त झालेल्या, आई तिथे नव्हती, काहीच अडत नव्हतं. मी जिना चढलो, एवढंच.

आईचे गुडघे पार गेले तेव्हा तिला नाहूरला आणली. शाळेत मी सांगितलं, आईला गावाहून आणलंय. लोक म्हणाले, बरं केलंत सर, म्हातारपणी गावाला एकटं ठेवू नये. कोकमाचं काय, असंही कुणीतरी गमतीनं म्हणालं.

मग यंदा शाळेनं ते जुने संगणक भंगारात काढायचं ठरवलं. त्यातलं कामाचं काही असेल तर काढून घ्या, असं मला सांगितलं. मी चौथीच्या वर्गाची ती फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, आणि रविवारी दुपारी बायको-मुलं बाहेर गेली असताना लॅपटॉपवर उघडली. आई आतल्या खोलीत पडली होती.

डावीकडे पट्टी. सातचा आकडा, त्यावर ती रेघ. आणि फिकट चित्र.

मी स्लाइड मोठी केली आणि पहिल्यांदा भिंतीकडे नीट पाहिलं. खिळा होता. फोटो नव्हता. नुसता खिळा, आणि त्याच्या खाली भिंतीचा एक चौकोन बाकीच्यापेक्षा जरा उजळ. प्रज्ञानं मोबाइलवर काढलेल्या फोटोतही तेवढं दिसत होतं. शेजारची पोर माझ्या शाळेत जाते हे कळल्यावर आईनं तो उतरवला असणार. रोज येणाऱ्या पोरीला दिसू नये म्हणून.

मग मी आवाज सुरू केला. ज्या ठिकाणी मी थांबवलं होतं, त्याच्या पुढे गेलो.

"आजी, तुम्हाला कोण कोण आहे?"

"माका एक झील. गावाक रवता."

"काय करतात ते?"

"शेती करता. येळ मेळलो की येता." मग खोबरं खवल्याचा आवाज येतो मध्ये — "गुणी असा."

मी शाळेत सांगत होतो, आई गावाला असते. ती डोंगरावर सांगत होती, झील, म्हणजे मुलगा, गावाक असता. एकाच शहरात, दहा मिनिटांच्या अंतरावर, आम्ही दोघं एकमेकांना गावाला पाठवून बसलो होतो. फरक एवढाच की मी माझ्यासाठी सांगत होतो. ती माझ्यासाठी सांगत होती.

त्या स्लाइडमध्ये लपवण्यासारखं काही नव्हतंच. माझं नाव नाही, फोटो नाही. ती जशीच्या तशी दाखवली असती तर कुणाला काही कळलं नसतं. एक म्हातारी नारळ खवताना दिसली असती, आणि एका पोरीसाठी टाळ्या वाजल्या असत्या. मी त्या पोरीचा हात कायमचा मागे बांधला, तोही कशासाठी? आईनं ज्याची आधीच काळजी घेतली होती, त्यासाठी.

आतून आवाज आला. लॅपटॉपवरचा नाही, खोलीतून.

"कोण बोलता रे थंय? आपल्यातला कोण इला काय?"

तिला स्वतःचा आवाज ओळखू आला नव्हता. पण बोली ओळखू आली होती. गावाकडचं कुणीतरी आलंय, असं वाटून उठून बसायच्या खटपटीत होती ती, मला पलंग कुरकुरल्याचा आवाज आला.

आता तरी? दार उघडं होतं. लॅपटॉप उचलून आत न्यायचा, तिच्या मांडीवर ठेवायचा, एवढंच करायचं होतं. घरात तिसरं कुणी नव्हतं. साठे मॅडम नव्हत्या, वॉचमन नव्हता, कुणीच हसणार नव्हतं.

मी म्हटलं, "कोणी नाही आई. शाळेचं आहे."

आणि आवाज बंद केला.

थोड्या वेळानं मी सातव्या आकड्यावर माउस नेला, उजवं बटण दाबलं आणि रेघ काढली. चित्र पुन्हा गडद झालं. फाइल बंद केली. ती आता माझ्या कपाटात आहे, सगळ्या स्लाइडसकट, आणि ती बघायला कुणीही जमलेलं नाही. रेघ काढली म्हणजे काही केलं, असं मी समजत नाही.

तेव्हा जे आहे ते असं. प्रज्ञा, तू काहीही दाबलं नव्हतंस. त्यात 'बहुतेक' नाही. ती स्लाइड मी लपवली, आणि तुझ्यावर ढकलली. आणि माझी आई गावाला नव्हती. ती शेवटच्या रांगेत बसली होती.